वायद्याच्या बॅकटेस्टसाठी रोलओव्हरची तारीख कशी ठरवावी

निफ्टीच्या कोणत्याही मासिक वायदा कराराचे आयुष्य साधारण तीन महिन्यांचे असते. राष्ट्रीय शेअर बाजारात एका वेळी चालू, पुढचा आणि त्यानंतरचा अशा तीन महिन्यांचे करार उपलब्ध असतात, आणि चालू महिन्याचा करार संपला की नवा तिसरा करार सुरू होतो. त्यामुळे 12 जून 2000 रोजी निफ्टी वायदा सुरू झाल्यापासूनचा सलग आलेख ज्याला हवा आहे, त्याला एकामागून एक तुटक करार जोडूनच तो तयार करावा लागतो. हा जोड ज्या दिवशी द्यायचा, तो दिवस म्हणजे बॅकटेस्टमधली, म्हणजे जुन्या भावांवर पद्धत तपासून पाहण्यातली, रोलओव्हरची तारीख होय. ब्रोकरच्या सॉफ्टवेअरमध्ये जो तयार सलग आलेख दिसतो, त्यातही कोणीतरी हा दिवस निवडलेलाच असतो. फक्त तो नियम आपल्याला दिसत नाही.

गोव्यात फोंडा, म्हापसा, मडगाव अशा ठिकाणी नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळी स्वतःच्या पद्धती संगणकावर तपासणाऱ्या नवख्या मंडळींसाठी हा लेख आहे. वायदा म्हणजे काय, लॉट आणि मार्जिन म्हणजे काय, एवढे वाचकाला ठाऊक आहे असे येथे गृहीत धरले आहे.

पुढचे सगळे विवेचन एका कसोटीवर उभे आहे. तारीख ठरवण्याचा नियम असा असावा की त्या काळात, त्या दिवशी, तुम्हाला तेव्हा उपलब्ध असलेल्या माहितीवर तो प्रत्यक्ष पाळता आला असता. ही कसोटी सोपी वाटते. पण बहुतेक चुका नेमक्या येथेच होतात.

पहिली पायरी: एक्स्पायरीच्या तारखांची यादी

निफ्टीची मासिक एक्स्पायरी (करार संपणे) अनेक वर्षे महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी होत असे, म्हणून संगणकाला ‘शेवटचा गुरुवार’ एवढेच सांगून मोकळे होण्याचा मोह होतो. तसे करू नये. सप्टेंबर 2025 पासून राष्ट्रीय शेअर बाजारातील एक्स्पायरी मंगळवारी होऊ लागली आणि 30 सप्टेंबर 2025 हा मंगळवारचा पहिला मासिक दिवस ठरला. बँक निफ्टीची कथा तर याहून गुंतागुंतीची आहे: मार्च 2024 पासून शेवटचा बुधवार, जानेवारी 2025 पासून पुन्हा शेवटचा गुरुवार आणि सप्टेंबर 2025 पासून मंगळवार. शिवाय ठरलेल्या दिवशी बाजार बंद असेल, तर एक्स्पायरी आदल्या कामकाजाच्या दिवशी येते. 30 मार्च 2023 रोजी गुरुवारी रामनवमीची सुट्टी होती, म्हणून त्या महिन्याचा करार बुधवारी, 29 मार्चला संपला.

यावर उपाय एकच आहे. बाजार रोज प्रसिद्ध करतो त्या भावकॉपीमध्ये (दिवसाच्या भावांच्या यादीत) प्रत्येक कराराच्या ओळीत एक्स्पायरीची तारीख दिलेली असते, ती तेथूनच उचलावी. मात्र करार ओळखण्यासाठी पूर्ण तारखेऐवजी वर्ष आणि महिना वापरावा, कारण चालू कराराची तारीखही मध्येच बदलू शकते. जून 2023 मध्ये बकरी ईदची सुट्टी 28 तारखेवरून 29 तारखेवर गेली आणि 29 जूनला संपणारा करार 28 जूनला संपला. हा बदल अगदी ऐनवेळी झाला. ज्याचा नियम कॅलेंडरप्रमाणे ‘एक्स्पायरीच्या तीन दिवस आधी’ असा आहे, त्याचा बॅकटेस्ट 28 तारखेपासून मागे मोजतो. पण त्या आठवड्याच्या सुरुवातीला बसलेला माणूस 29 तारखेपासूनच मोजत होता. एका महिन्यात एका दिवसाचा फरक पडल्याने कोणतीही पद्धत बुडत नाही हे खरे. तरीही तेव्हा माहीत असलेली तारीख आणि नंतर कळलेली तारीख वेगळ्या असू शकतात, हे नवख्या माणसाने लवकर शिकलेले बरे.

गोव्यातल्या वाचकाने आणखी एक खबरदारी घ्यावी. बाजाराच्या सुट्ट्या मुंबईच्या पंचांगाने चालतात. 3 डिसेंबरला जुन्या गोव्याचे फेस्त असते, 19 डिसेंबरला मुक्तिदिन असतो, आणि दोन्ही दिवशी आपल्याकडे कचेऱ्या बंद असल्या तरी, शनिवार-रविवार नसेल तर, बाजार चालू असतो. 2025 सालची चवथ 27 ऑगस्टला, बुधवारी होती. बाजार त्या एका दिवसापुरता बंद राहिला आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे घराघरांत दीड दिवसाच्या गणपतीच्या विसर्जनाची तयारी चालू असताना, निफ्टीची शेवटची गुरुवारची मासिक एक्स्पायरी झाली. तेव्हा सुट्ट्यांची यादी स्वतःच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून बनवू नये. ज्या दिवसाची भावकॉपी आहे तो कामकाजाचा दिवस, असे मानावे.

दुसरी पायरी: दिवस कसे मोजायचे

वरच्याच उदाहरणात ‘एक्स्पायरीच्या दोन दिवस आधी’ म्हणजे कोणता दिवस? कॅलेंडरप्रमाणे मोजले तर 26 ऑगस्ट, कामकाजाचे दिवस मोजले तर सोमवार, 25 ऑगस्ट. नेहमी कामकाजाचेच दिवस मोजावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पण त्यालाही एक अपवाद लिहून ठेवावा लागतो. ऑक्टोबर 2022 मध्ये एक्स्पायरी 27 तारखेला होती, 26 तारखेला बलिप्रतिपदेची सुट्टी होती, आणि 24 तारखेला लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फक्त तासाभराचे मुहूर्ताचे सौदे झाले. कामकाजाचे दोन दिवस मागे गेल्यावर नियम नेमका त्या मुहूर्ताच्या संध्याकाळी जाऊन पडतो. भावकॉपी त्या दिवसाचीही असते, त्यामुळे संगणकाला काही खटकत नाही. पूजेचा शकुन म्हणून केलेल्या सौद्यांच्या भावावर कोणी मोठी पोझिशन पुढच्या महिन्यात नेणार नाही, तेव्हा असे अपुरे दिवस मोजणीतून वगळण्याचा नियम आधीच करावा.

तिसरी पायरी: नियमाची निवड

मुख्यतः तीन प्रकारचे नियम वापरात आहेत.

पहिला प्रकार पंचांगाचा: एक्स्पायरीच्या इतके दिवस आधी, ठरलेल्या वेळी. हा नियम नवख्या माणसासाठी सर्वांत सुरक्षित आहे, कारण त्यात भविष्यातली माहिती चुकून शिरण्यास फारशी जागा नसते. जगातले मोठे कमोडिटी निर्देशांकही, म्हणजे तेल, धातू, धान्य अशा मालांचे निर्देशांकही, याच वाटेने जातात. एस अँड पी जीएससीआय निर्देशांक महिन्याच्या पाचव्या ते नवव्या कामकाजाच्या दिवशी रोज 20 टक्के या प्रमाणात जुन्या करारातून नव्यात जातो, तर ब्लूमबर्ग कमोडिटी निर्देशांक सहाव्या ते दहाव्या दिवशी. पाच दिवसांत विभागल्यामुळे एकाच दिवसाच्या वेड्यावाकड्या भावावर सारे अवलंबून राहत नाही. आपल्या एक-दोन लॉटच्या व्यवहाराला ही विभागणी लागू करता येत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. जी गोष्ट प्रत्यक्षात करणार नाही ती बॅकटेस्टमध्ये घालू नये.

दुसरा प्रकार उलाढालीचा किंवा ओपन इंटरेस्टचा (अजून न मिटवलेल्या करारांच्या संख्येचा): पुढच्या महिन्याच्या कराराचा ओपन इंटरेस्ट चालू महिन्यापेक्षा जास्त झाला की रोल करायचा. बाजार जिथे गेला तिथे आपण जावे, हा विचार योग्यच आहे, आणि ज्या मालात काही महिने मोठे व काही महिने दुबळे असतात तिथे याच्याशिवाय गत्यंतर नाही. न्यूयॉर्कच्या सोन्यात ऑक्टोबरचा करार असतो, पण खरी वर्दळ ऑगस्टवरून थेट डिसेंबरला जाते. चीनमधल्या डालियान बाजारात लोहखनिजाचे करार दर महिन्याचे असले तरी व्यवहार पारंपरिकपणे जानेवारी, मे आणि सप्टेंबर या तीनच महिन्यांत गोळा होत आले आहेत. अशा ठिकाणी ‘एका महिन्यावरून लगेच पुढच्या महिन्यावर’ हा पंचांगी नियम तुम्हाला ओसाड करारात नेऊन बसवतो.

या प्रकारातला धोका असा की दिवसअखेरचा ओपन इंटरेस्ट बाजार बंद झाल्यावर कळतो. 25 तारखेचा आकडा पाहून 25 तारखेच्याच बंद भावाला रोल केला असे दाखवणे म्हणजे उद्याचे वर्तमानपत्र आज वाचणे होय. आज संध्याकाळी आकडा पाहावा आणि रोल उद्याच्या भावावर धरावा. त्यासोबत आणखी दोन अटी घालाव्यात. एकदा नव्या कराराकडे गेल्यावर मागे फिरायचे नाही, कारण दोन्ही करारांचे आकडे जवळजवळ समान असताना ते दोन-तीन दिवस वरखाली होऊ शकतात. आणि आकड्यांनी काहीही सांगितले तरी एका ठरावीक दिवसानंतर जुना करार हातात ठेवायचा नाही.

निफ्टीच्या बाबतीत ही दुसरी अट वारंवार लागू होते, कारण तेथे चालू महिन्याचा करार अखेरच्या दिवसापर्यंत भरपूर चालतो आणि पुढच्या महिन्याचे पारडे अगदी शेवटी जड होते. म्हणून निर्देशांकाच्या वायद्यासाठी मी पंचांगी नियम पसंत करतो.

तिसरा प्रकार जबाबदारी टाळण्याचा आहे, आणि तो वरच्या दोहोंवर मर्यादा म्हणून काम करतो. जिथे माल प्रत्यक्ष द्यावा-घ्यावा लागतो तिथे डिलिव्हरीचा काळ सुरू होण्यापूर्वी बाहेर पडणे भाग असते. शिकागो आणि न्यूयॉर्कच्या अनेक करारांत ‘फर्स्ट नोटिस डे’, म्हणजे डिलिव्हरीची सूचना मिळू शकण्याचा पहिला दिवस, असतो. मक्याच्या किंवा सोन्याच्या बाबतीत तो डिलिव्हरीच्या आदल्या महिन्याचा शेवटचा कामकाजाचा दिवस असतो. एमसीएक्स या आपल्याकडच्या कमोडिटी बाजारातला एक किलो सोन्याचा करार एक महिन्याआड येतो, साधारणपणे महिन्याच्या 5 तारखेला संपतो आणि त्याला सक्तीची डिलिव्हरी आहे. तिची प्रक्रिया अखेरच्या दिवसांतच सुरू होते, त्यामुळे आदल्या महिन्याच्या अखेरीस मोकळे होणे शहाणपणाचे. आपल्याकडच्या शेअरच्या वायद्यांतही प्रत्यक्ष शेअर देणे-घेणे जुलै 2018 पासून टप्प्याटप्प्याने आले आणि ऑक्टोबर 2019 च्या एक्स्पायरीपासून सर्वच शेअरना लागू झाले. म्हणजे 2015 सालचा बॅकटेस्ट एक्स्पायरीच्या दिवसापर्यंत करार धरून ठेवत असेल तर त्या काळी ते चालण्याजोगे होते. आज तीच सवय खात्यात शेअरचा गठ्ठा आणून टाकेल.

एक्स्पायरीचा दिवस का टाळावा

याचे सर्वांत बोलके उदाहरण 20 एप्रिल 2020 चे आहे. टाळेबंदीमुळे एमसीएक्सचे कामकाज तेव्हा संध्याकाळी 5 वाजता संपत असे. कच्च्या तेलाचा एप्रिलचा करार त्या दिवशी प्रति पिंप 965 रुपयांवर बंद झाला आणि त्याची अंतिम भावनिश्चिती न्यूयॉर्कच्या भावावर अवलंबून होती. रात्री न्यूयॉर्कमध्ये मे महिन्याचा करार उणे 37.63 डॉलरवर गेला आणि आपल्याकडची अंतिम किंमत उणे 2,884 रुपये ठरली. 100 पिंपांच्या एका लॉटमागे हा फरक 3,84,900 रुपयांचा होतो. ज्याच्या बॅकटेस्टमध्ये ‘शेवटच्या दिवशीच्या बंद भावाला रोल’ असा नियम आहे त्याला त्या दिवशी 965 दिसतात आणि आलेख शांतपणे पुढे जातो. प्रत्यक्षात पाच वाजेपर्यंत बाहेर न पडलेल्याचे काय झाले, ते त्या आलेखात उमटतच नाही. त्याच दिवशी न्यूयॉर्कचा जूनचा करार 20.43 डॉलरवर होता, आणि जीएससीआयच्या पद्धतीने चालणारा त्या महिन्याच्या मध्यापर्यंतच जूनमध्ये गेलेला होता.

निफ्टीत एवढे टोक गाठले जात नाही. तेथे अंतिम किंमत निर्देशांकाच्या बंद भावाने ठरते आणि तो बंद भाव शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरीवर काढला जातो, त्यामुळे अखेरच्या क्षणाचा वायद्याचा भाव आणि अंतिम किंमत एकच असेल असे नाही. शिवाय 1 फेब्रुवारी 2025 पासून, एका महिन्यात खरेदी आणि दुसऱ्यात विक्री अशी जोडी करणाऱ्याला मिळणारी मार्जिनची सवलत एक्स्पायरीच्या दिवशी, त्या दिवशी संपणाऱ्या करारापुरती, मिळत नाही.

लोहखनिज हा गोव्याच्या जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून त्याचे एक वैशिष्ट्य येथे सांगतो. सिंगापूर एक्स्चेंजवरचा, बराच काळ 62 टक्के प्रतीवर आधारलेला लोहखनिजाचा वायदा त्या महिन्यातील रोजच्या निर्देशांक-भावांच्या सरासरीवर निकाली निघतो. महिन्याची 20 तारीख आली की सरासरीतला मोठा भाग आधीच ठरून गेलेला असतो, त्यामुळे चालू महिन्याच्या करारात हालचाल उरत नाही. अशा कराराला शेवटच्या आठवड्यापर्यंत धरून काढलेली चढउताराची मापे फसवी असतात. तेथे महिना सुरू होण्यापूर्वीच पुढच्या करारात जाणे योग्य. खाणपट्ट्यात वाढलेल्या वाचकाने हा वायदा तपासायचा ठरवला, तर आपले खनिज बहुतांशी याहून कमी प्रतीचे होते आणि त्याचा भाव या भावामागे जसाच्या तसा चालत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

चौथी पायरी: जोड देणे

तारीख ठरली की भावांतल्या फटीचा प्रश्न येतो. समजा, रोलच्या दिवशी चालू महिना 24,800 आणि पुढचा महिना 24,930 आहे. 130 अंकांची ही फट कोणी कमावलेली नाही आणि गमावलेलीही नाही. आलेख तसाच जोडला तर मात्र मूव्हिंग ॲव्हरेजला (मागच्या काही दिवसांच्या सरकत्या सरासरीला) ती तेजीची उडी वाटते आणि खरेदीचा खोटा इशारा मिळतो.

फरकाच्या पद्धतीत मागच्या सर्व भावांत 130 मिळवतात. यात प्रत्येक दिवसाची अंकांतली हालचाल अचूक राहते, म्हणून लॉटमागचा नफातोटा बरोबर निघतो. पण टक्केवारी बिघडते. दरमहा सरासरी 60 अंकांचा फरक धरला, तर 15 वर्षांच्या 180 रोलमध्ये मागच्या भावांवर 10,800 अंक चढतात. मूळ 5,000 चा भाव आलेखात 15,800 दिसतो आणि तेव्हाची 100 अंकांची, म्हणजे 2 टक्क्यांची, हालचाल जेमतेम 0.63 टक्के वाटते. टक्क्यांत स्टॉपलॉस (तोटा थांबवण्याची मर्यादा) लावणाऱ्या पद्धतीचा त्या जुन्या वर्षांतला निकाल यामुळे निरर्थक होतो.

गुणोत्तराच्या पद्धतीत मागचे भाव 24,930 भागिले 24,800, म्हणजे सुमारे 1.00524 ने गुणतात. टक्केवारी शाबूत राहते, अंक बदलतात. भाव शून्याखाली गेला तर मात्र हे गणित मोडते, आणि तेलात ते घडून गेले आहे.

माझा सल्ला असा की जोडलेला आलेख फक्त इशारे काढण्यासाठी वापरावा आणि नफातोटा नेहमी प्रत्यक्ष कराराच्या खऱ्या भावांवर मोजावा. त्यासाठी रोलचा एक तक्ता वेगळा ठेवावा: तारीख, जुना करार, नवा करार, दोघांचे भाव. दोन्ही भाव एकाच क्षणाचे असावेत. जुन्याचा दुपारचा आणि नव्याचा बंद भाव घेतल्यास मधली बाजाराची हालचाल फटीत मिसळते. दूरच्या महिन्याच्या बाबतीत अधिक सावध राहावे, कारण शेवटच्या अर्ध्या तासात सौदाच झाला नसेल तर भावकॉपीतला सेटलमेंट भाव (दिवसाचा हिशेब मिटवण्याचा भाव) सैद्धांतिक सूत्राने काढलेला असतो, आणि त्या भावाला कोणी विकणारा होता असे म्हणता येत नाही. शेअरच्या वायद्यांत बोनस आणि स्प्लिटमुळे (शेअरची संख्या वाढून भाव घटल्याने) पडणारी फट ही रोलच्या फटीहून वेगळी असते. तिची दुरुस्ती आधी करावी.

मे ते जुलै या लाभांशाच्या हंगामात पुढचा महिना चालू महिन्याच्या खाली दिसला, तर तो विदेचा (डेटाचा) दोष समजून पुसून टाकू नये. लाभांशामुळे असे होऊ शकते.

पाचवी पायरी: खर्च

प्रत्येक रोल म्हणजे दोन सौदे. खरेदीची पोझिशन पुढे नेताना जुना करार विकावा लागतो आणि विक्रीवर सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स पडतो. 1 ऑक्टोबर 2024 रोजी वायद्यावरचा हा कर 0.0125 वरून 0.02 टक्के झाला. 25,000 भाव आणि 2025 सालचा 75 नगांचा लॉट धरला तर तेव्हाच्या 0.02 टक्के दराने एका रोलला 375 रुपये, वर्षाच्या बारा रोलना 4,500 रुपये, आणि ते मुद्रांक शुल्क, दलाली व खरेदी-विक्रीतील भावफरक सोडून. ज्या काळाचा बॅकटेस्ट त्या काळचा दर लावावा. एखाद्या सौद्यातून रोलच्या आसपास नाहीतरी बाहेरच पडायचे असेल तर त्याला रोलचा खर्च लावू नये, हेही तितकेच खरे.

सहावी पायरी: तारीख हलवून पाहणे

नियम लिहून झाल्यावर, आणि निकाल पाहण्यापूर्वीच, तोच बॅकटेस्ट एक्स्पायरीच्या एक, दोन, तीन, चार आणि पाच दिवस आधीच्या रोलवर चालवायचे ठरवून टाकावे. पाचही निकाल शेजारी ठेवल्यावर वार्षिक परताव्यात आणि सर्वांत मोठ्या घसरणीत थोडाफार फरक पडेलच. पण एकाच दिवशी पद्धत चमकते आणि इतर चार दिवशी ती मलूल पडते असे दिसले, तर तो नफा पद्धतीचा नसून रोलच्या दिवसाचा आहे. त्या वेळी पाचांतला उत्तम दिवस निवडणे ही सर्वांत वाईट गोष्ट होईल. आधी लिहिलेला दिवसच कायम ठेवावा आणि नफा कोणत्या महिन्यांतून आला ते रोलच्या तक्त्यावरून शोधावे. बहुधा दोन-तीन महिन्यांत काहीतरी सापडते: चुकीची एक्स्पायरी, मुहूर्ताचा दिवस, सौदे नसलेल्या कराराचा भाव.

निफ्टीसाठी सुरुवात करताना नियम पुढील शब्दांत लिहून ठेवता येईल: ‘भावकॉपीत त्या दिवशी नोंदलेल्या एक्स्पायरीच्या कामकाजाचे दोन पूर्ण दिवस आधी, मुहूर्ताचा दिवस न मोजता, बाजार बंद होण्यापूर्वीच्या एकाच मिनिटातील दोन्ही करारांच्या भावांवर रोल करावा, त्या दिवशी नवा इशारा आला तर तो थेट पुढच्या महिन्याच्या करारात घ्यावा.’ मिनिटाची विदा हाताशी नसेल तर दोन्ही करारांचे त्या दिवसाचे सेटलमेंट भाव घ्यावेत. त्यानंतर मार्च 2023, जून 2023, ऑक्टोबर 2022, ऑगस्ट 2025 आणि सप्टेंबर 2025 हे पाच महिने कागदावर हाताने मोजावेत आणि संगणकाने दिलेल्या तारखांशी ताडून पाहावेत. या पाचांत तारखा जुळल्या तरच उरलेल्या वर्षांकडे वळावे.